नाबोथाचे वावर

 

आम्ही चर्चच्या महिला मंडळातल्या बाया. कुणी अमरावतीकडच्या, कुणी अकोल्याकडच्या. कुणाच्या घरी दोन एकर कोरडवाहू, कुणाच्या घरी काहीच नाही, हातावर पोट. निंदणाला, कापूस वेचायला आम्ही तुमच्यासोबतच एका तासात असतो. आजची गोष्ट आमच्या पवित्र शास्त्रातली आहे. पण ऐकायला कुणी ख्रिस्ती असायची गरज नाही. गोष्ट एका राजाची आहे आणि ती अडते एका वावरावर. वावर काय असते हे वऱ्हाडातल्या बाईला सांगावे लागत नाही.

राजाचे नाव अहाब. बापाचे नाव अम्री. इस्राएल देशाचे राज्य त्याने २२ वर्षे केले, शोमरोन ही त्याची राजधानी. ही सुमारे २८५० वर्षांपूर्वीची गोष्ट. अहाब बलाढ्य होता. अश्शूरच्या राजाने कोरून ठेवलेला एक दगड आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तो १८६१ साली तुर्कस्तानातल्या कुर्ख गावी सापडला. इ.स.पू. ८५३ च्या लढाईत अहाबाचे २,००० रथ आणि १०,००० पायदळ होते, असे त्या दगडावर लिहिले आहे. म्हणजे शत्रूनेही त्याची ताकद मोजून ठेवली. आमच्या शास्त्रात मात्र हा आकडा नाही. तिथे अहाबाचा हिशेब लागतो तो एका कास्तकाराच्या मळ्यावरून.

अहाबाला शास्त्र बेइमान म्हणते. का म्हणते ते आधी नीट समजून घेऊ. इथे आम्हाला कुणाच्या देवाला नावे ठेवायची नाहीत. गावात सगळ्यांचे सण आहेत, सगळ्यांचा मान आहे. अहाबाची बेइमानी त्याच्या स्वतःच्या शब्दाशी होती. इस्राएलच्या लोकांनी आपल्या देवाशी करार केला होता. त्या करारात फक्त उपासना नव्हती. मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायची, विधवेला आणि पोरक्याला नागवायचे नाही, शेजाऱ्याचा धुरा सरकवायचा नाही, हेही त्यात होते. जमीन देवाची आहे आणि माणूस तिच्यावर पाहुणा आहे, म्हणून ती कायमची विकायची नाही, असेही होते. राजालाही हे नियम लागू होते. अहाबाने सीदोनच्या राजाची मुलगी ईजबेल हिच्याशी लग्न केले, बआल देवाचे देऊळ बांधले आणि जुना करार बाजूला ठेवला. देव बदलला तेव्हा लोकांना वाटले, हा राजवाड्यातला मामला आहे, आपल्याला काय. पण करार सुटला तसा गरिबाच्या वावराभोवतीचा धुराही सुटला. तो कसा, ते पुढे येईलच.

आधी पाऊस थांबला. बआल हा पावसाचा, वादळाचा देव मानला जाई. एलीया नावाचा संदेष्टा राजापुढे उभा राहिला आणि आता पाऊस पडणार नाही, असे सांगून निघून गेला. तीन वर्षांहून जास्त काळ दुष्काळ पडला. राजा आपली घोडी आणि खेचरे जगवायला चारा शोधत फिरला. माणसांसाठी अन्न शोधत फिरला, असे शास्त्र सांगत नाही.

वऱ्हाडाला हा दुष्काळ परका नाही. १८९६-९७ चा आणि लगेच १८९९-१९०० चा, असे दोन दुष्काळ आपल्या या काळ्या मातीने पाहिले. अकोला, खामगाव या भागात तेव्हा मिशनच्या लोकांनी अनाथ पोरे सांभाळली. पंडिता रमाबाई मध्यप्रांतात फिरल्या आणि दुष्काळातल्या मुलींना, बायांना पुण्याकडे, केडगावच्या मुक्ती सदनात घेऊन गेल्या. आमच्यातल्या काहीजणींच्या घराण्याची सुरुवात अशाच एखाद्या पोरीपासून होते, जिच्या मागे घरही नव्हते आणि वावरही नव्हते. पुढे याच रमाबाईंनी मूळ भाषा शिकून अख्खे बायबल साध्या मराठीत आणले. बायाबापड्यांना कळावे, हा त्यांचा हट्ट. १९२२ साली त्या वारल्या आणि १९२४ साली ते बायबल छापून आले. मुक्ती सदनातल्या बायांनीच छापखान्यात राबून ते काम केले. दुष्काळातून वाचलेल्या बायांच्या हातांनी एलीयाच्या दुष्काळाची गोष्ट छापली. म्हणून आम्ही ही गोष्ट आपली समजून सांगतो.

तर त्या दुष्काळात एलीया सारफथ गावच्या एका विधवेच्या दारी गेला. तिच्याकडे मूठभर पीठ आणि कुपीत जरासे तेल होते. दोन काटक्या वेचून शेवटची भाकर करायची, पोराला द्यायची, स्वतः खायची आणि मग मरणाची वाट पाहायची, असा तिचा विचार होता. तिने त्यातूनही एलीयाला वाटा दिला आणि तिचे पीठ सरले नाही. पण पुढे तिचा पोरगा आजारी पडला आणि त्याचा श्वास थांबला. तेव्हा ती माय काय म्हणाली? तिने देवाच्या माणसाला विचारले, की तू माझ्या पापाची आठवण करून द्यायला आणि माझे लेकरू मारायला इथे आलास काय?

बायांनो, हा प्रश्न आपण किती दारांत ऐकला आहे! नवऱ्याने फवारणीचे औषध घेतले, की दहाव्याच्या आधी कुणीतरी म्हणते, हिचाच पाय पांढरा. पीक गेले, पोर गेले, तर बाईच स्वतःला विचारते, माझे काय चुकले? आणि कधी कधी धर्माची माणसेही मान डोलावतात. चर्चमध्येही असे बोलणारे असतात, ते आम्ही लपवणार नाही. एलीयाने काय केले ते बघा. त्याने तिला पाप विचारले नाही. उपदेश केला नाही. लेकरू तिच्या कुशीतून घेतले, माडीवर नेले, देवाकडे आक्रोश केला आणि जिवंत पोर आणून तिच्या हाती दिले. येशूनेही तेच शिकवले. यरुशलेमेत बुरूज कोसळून १८ माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा जास्त पापी होती काय, असा प्रश्न येशूने स्वतःच काढला आणि नाही असे उत्तर दिले.

तेव्हा पहिला धडा हा. देवाचा न्याय आहे, यावर आमचा विश्वास आहे. पण जिचे घर बुडाले तिच्याकडे बोट दाखवून हा देवाचा न्याय झाला, असे म्हणायचा हक्क कुणालाही नाही. या गोष्टीत न्यायाचा शब्द विधवेच्या दारी गेला नाही. तो राजाच्या दारी गेला. कशासाठी गेला ते आता सांगतो.

इज्रेल गावी अहाबाचा दुसरा वाडा होता. वाड्याला लागून नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा होता. आपल्याकडे वरूड-मोर्शीला संत्र्याची बाग असावी, तसा. राजाला तिथे भाजीपाला लावायचा होता. त्याने नाबोथाला सांगितले, तुझा मळा दे, बदल्यात याहून चांगला देतो, नाहीतर पैसे घे. बोलणे वरून सरळ दिसते. पण नाबोथाने नकार दिला. हे माझ्या वाडवडिलांचे वतन आहे, ते मी देणार नाही, असे त्याने देवाचे नाव घेऊन सांगितले. वतन हा शब्द आपल्याला माहीत आहे. वतन माणूस जपतो आणि पुढच्या पिढीच्या हाती देतो. नाबोथ अडून बसला नव्हता. राजा विसरलेला करार तो पाळत होता.

राजा वाड्यात गेला, पलंगावर पडला, तोंड फिरवले आणि जेवला नाही. ईजबेल आली. तिने कारण ऐकले आणि म्हणाली, उठ, जेव, मळा मी मिळवून देते. मग तिने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांच्यावर राजाची मोहर उठवली आणि नाबोथाच्याच गावच्या वडीलधाऱ्यांना पाठवली. पत्रात लिहिले, उपास जाहीर करा, सभा भरवा, नाबोथाला पुढे बसवा, त्याच्यासमोर दोन हलकट माणसे बसवा आणि याने देवाला व राजाला शिव्या दिल्या, अशी साक्ष त्यांच्याकडून द्यायला लावा. मग त्याला गावाबाहेर नेऊन दगडांनी मारा.

तसेच झाले. आता यातली बारीक गोष्ट ऐका. त्यांच्या कायद्याप्रमाणे मृत्युदंडाला कमीत कमी दोन साक्षीदार लागत. साक्षीदार दोन होते. सभा भरली होती. उपास होता, म्हणजे देवाचे नावही होते. कागद होता, मोहर होती. कायद्याच्या चौकटीत सगळे नीट बसवलेले होते. खोटे होते ते फक्त नाबोथावरचे आळ. आणि ते खोटे आहे हे त्या सभेत बसलेल्या प्रत्येक वडीलधाऱ्याला माहीत होते, कारण पत्र त्यांच्याच हातात होते. एकाही माणसाने तोंड उघडले नाही. काम झाल्याचा निरोप मात्र तत्परतेने गेला. पुढच्या एका ठिकाणी शास्त्र सांगते, की नाबोथाबरोबर त्याच्या मुलांचेही रक्त सांडले. म्हणजे मागे वारस ठेवायचा नाही, एवढा पुढचा विचार केलेला होता. नाबोथाच्या बायकोचे काय झाले, याबद्दल शास्त्रात एक शब्दही नाही. तो शब्द आम्ही पुष्कळ शोधला.

इथे ईजबेलीबद्दल बोलले पाहिजे. बाई जरा मोठ्याने बोलली की तिला ईजबेल म्हणायची सवय पुष्कळांना आहे. ईजबेलीचा गुन्हा ती बोलली हा नव्हता. तिने खोटा कागद केला आणि माणूस मारवला, हा तिचा गुन्हा. तिला शिक्षा झालीच. पण तिने वापरलेली मोहर कुणाची होती? राजाची. ती तिच्या हाती कशी आली, हे राजाने विचारले नाही. मळा कसा मिळाला, हेही विचारले नाही. नाबोथ मेला एवढे कळताच तो उठला आणि ताबा घ्यायला निघाला. एलीया त्याला त्याच मळ्यात भेटला. आणि देवाचा शब्द कुणाला ऐकवला? अहाबाला. खून तू केलास आणि वतनही तूच बळकावलेस, हा त्या शब्दाचा अर्थ होता. जिथे कुत्र्यांनी नाबोथाचे रक्त चाटले, तिथेच तुझेही चाटतील, असे एलीयाने सांगितले.

हा दुसरा धडा. देवाच्या दरबारात सही कुणी केली एवढेच पाहत नाहीत. वावर कुणाच्या ताब्यात गेले, तेही पाहतात. मी काही केले नाही, ते काकाने केले, ते वकिलाने केले, ते बायकोने करवून घेतले, असे म्हणून फळ खाणारा सुटत नाही.

आता तिसरा धडा. तो सगळ्यात अवघड. एलीयाचे बोलणे ऐकून अहाबाने कपडे फाडले, अंगावर गोणपाट घेतले, उपास केला, मुकाट झाला. आणि देवाने ते पाहिले. हे अरिष्ट त्याच्या हयातीत त्याच्या घराण्यावर येणार नाही, ते पुढे जाईल, असे देवाने सांगितले. आम्हा ख्रिस्ती बायांना या ओळी धीर देतात. अहाबासारखा माणूस वाकला तरी देव बघतो.

पण आमच्या मंडळात एकीने विचारले, मग मळा परत दिला का?

आम्ही पाने उलटली. कुठेही तसे लिहिलेले नाही. गोणपाट घातले, उपास केला, पण मळा परत दिल्याची एक ओळ नाही. नाबोथाचे नाव निर्दोष केल्याची ओळ नाही. वडीलधाऱ्यांना जाब विचारल्याची नाही. पुढे तीन वर्षांनी रामोथ-गिलाद घ्यायला अहाब लढाईला निघाला. ४०० संदेष्टे म्हणाले, जा, जिंकशील. मीखाया नावाचा एकटा म्हणाला, जाऊ नको. राजाने मीखायाला कैदेत टाकले आणि स्वतः वेष बदलून रणात गेला, म्हणजे शत्रूने ओळखू नये. मग कुणा एका शिपायाने नेम न धरता बाण सोडला. तो नेमका चिलखताच्या सांध्यात लागला. संध्याकाळी राजा रथातच मेला. शोमरोनच्या तळ्यावर रथ धुतला, तेव्हा कुत्र्यांनी रक्त चाटले. माणसांपासून वेष बदलता आला, देवापासून नाही.

त्याच्यानंतर एक मुलगा २ वर्षे गादीवर बसला, दुसरा मुलगा योराम १२ वर्षे. काहीजण विचारतात, बापाची शिक्षा पोरांना का? प्रश्न खरा आहे. पण ही १४ वर्षे आम्ही मुदत म्हणून वाचतो. मळा परत द्यायची मुदत. त्या वर्षांत मळा परत केल्याची खूण कुठेही नाही. शेवटी योराम आणि बंड करून आलेला येहू यांची गाठ पडली ती कुठे? नाबोथाच्या वावरात. शास्त्र तेव्हाही त्या जागेला नाबोथाचेच वावर म्हणते. माणूस मेला, पोरे मेली, ताबा राजाचा, तरी लोकांच्या तोंडी जमिनीचे नाव बदलले नाही. आपल्याकडेही असे असते. सातबाऱ्यावर नाव कुणाचेही असो, गाव त्या तुकड्याला अमक्या बुढीचे वावर म्हणतच राहते.

अहाबाच्या बाजूला जक्कयाला ठेवून बघा. तो कर गोळा करणारा, लोकांना लुबाडलेला. येशू त्याच्या घरी जेवायला गेला, तेव्हा तो रडल्याचे लिहिलेले नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत करतो, असे त्याने उभे राहून सांगितले. म्हणून आम्ही म्हणतो, पश्चात्ताप डोळ्यांत किती दिसला ते देव जाणे, गावाला तो फेरफारात दिसला पाहिजे.

आणि आता आपल्या घरचे बोलू. आपल्याकडे नाबोथाला दगड मारत नाहीत. आपल्याकडे कागद येतो. भाऊ राखीला, अक्षय्य तृतीयेला बोलावतो, लुगडे घेतो आणि मग म्हणतो, ताई, इथे सही कर, बँकेच्या कर्जासाठी लागते. तो कागद हक्कसोड पत्राचा निघतो. नवरा गेल्यावर सासरा किंवा दीर म्हणतो, तू लहान, तुला व्यवहार कळत नाही, वारस म्हणून पोराचेच नाव लावू. सावकार कोऱ्या कागदावर अंगठा घेतो आणि गहाण म्हणून दिलेले वावर पुढे खरेदीचे होते. साक्षीदार दोन असतातच. वडीलधारी माणसे बसलेलीच असतात.

सगळेच भाऊ असे नसतात. मनापासून देणारे भाऊ आहेत, आणि समजून-उमजून हक्क सोडणाऱ्या बहिणीही आहेत. ती तिची मर्जी. पण मर्जी म्हणायची तर आधी माहिती पाहिजे. म्हणून थोडी माहिती सांगतो.

हिंदू, बौद्ध, जैन, शीख घरांत २००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि तो जन्मापासूनचा आहे. लग्न झाले म्हणून तो जात नाही. २००५ साली बाप हयात असायची गरज नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२० साली स्पष्ट केले. आमच्या ख्रिस्ती घरांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. मृत्युपत्र नसेल आणि मुलेबाळे असतील, तर विधवेला एक तृतीयांश, आणि उरलेले दोन तृतीयांश मुलगा-मुलगी असा भेद न करता सगळ्या लेकरांत सारखे. मुस्लिम बहिणींचा वाटा त्यांच्या कायद्याने ठरतो, पण त्यांनाही वाटा आहेच.

जमिनीचा मालक वारला, की वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वारस नोंदीचा अर्ज द्यायचा. त्या अर्जात सगळ्या वारसांची नावे लिहायची. विधवेचे लिहायचे, लग्न झालेल्या मुलींचेही लिहायचे. नोंद मंजूर व्हायच्या आधी नोटीस निघते आणि हरकत घ्यायला मुदत असते. हरकत लेखी द्यायची आणि पोच घ्यायची. हक्कसोड पत्र दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवावे लागते. तिथे उभे असाल आणि कागद वाचून दाखवला नसेल, तर सही करू नका. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, तिची कमाई विचारत नाहीत. सावकाराने बेकायदा धंद्यात वावर लिहून घेतले असेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. चौकशीत खरे ठरले तर ती जमीन परत द्यायचा हुकूम ते करू शकतात.

आणखी एक आठवण. १९९० च्या आसपास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली. नवऱ्यांनी आपल्या हाताने वावराचा तुकडा बायकोच्या नावे करून द्यायचा, अशी ती मोहीम होती. १९९२ साली सरकारनेही परिपत्रक काढले, की नवऱ्याने स्वतः अर्ज दिला तर सातबाऱ्यावर बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येते. म्हणजे राजाच्या मोहरीने बाईचे घर बुडते, तसे एखाद्या साध्या अर्जाने ते वाचूही शकते. अर्ज लिहिणारा हात पाहिजे.

शास्त्रात अर्ज करणाऱ्या बायाही आहेत, आणि त्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय आम्ही थांबणार नाही. सलाफहाद नावाचा माणूस वारला. त्याला मुलगा नव्हता, पाच मुली होत्या. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. त्या पाचही जणी मोशेसमोर, याजकासमोर, सगळ्या पुढाऱ्यांसमोर, भर सभेत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आम्हाला आमच्या बापाच्या भावकीत वतन द्या. मोशेने ते देवापुढे ठेवले. देवाने सांगितले, या मुली बरोबर बोलतात. त्या पाचही जणींची नावे शास्त्रात लिहिलेली आहेत, एकीचेही सुटलेले नाही.

आणि शुनेम गावची एक बाई. दुष्काळामुळे घरदार घेऊन सात वर्षे परमुलखात राहिली. परत आली तेव्हा घर आणि वावर दुसऱ्याच्या ताब्यात. ती सरळ राजाकडे गेली. राजाने तिचेच म्हणणे तिच्या तोंडून ऐकले, एक कामदार नेमला आणि हुकूम दिला, की हिचे सगळे हिला परत द्या, आणि ही गेली त्या दिवसापासून आजपर्यंत वावरात जे पिकले तेही द्या. तो राजा बहुधा अहाबाचा मुलगा योरामच असावा, असे अभ्यासक मानतात. ज्या घरात नाबोथाचा मळा अडकून पडला होता, त्याच घरातून शुनेमच्या बाईचे वावर सुटले. नाबोथाच्या मागे मागायला कुणी उरलेच नव्हते. ही बाई मात्र गेली, बोलली आणि सात वर्षांच्या पिकासकट घेऊन आली.

तेव्हा देव न्याय करील म्हणून आपण हात बांधून बसायचे, असा या गोष्टीचा अर्थ नाही. देवाने एलीयाला मळ्यात पाठवले, कारण गावच्या सभेत बोलणारा एकही निघाला नाही. त्या सभेत एक जरी माणूस उठला असता आणि हे खोटे आहे म्हणाला असता, तर कदाचित एलीयाला यावे लागले नसते.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. हप्ते गोळा करून झाले, की प्रत्येकीने आपल्या घरचा सातबारा आणि आठ-अ काढून आणावा. शाळेत जाणाऱ्या पोरीकडून मोठ्याने वाचून घ्यावा. कुणाचे नाव आहे, कुणाचे नाही, ते वहीत लिहावे. गटातली कुणी नुकतीच विधवा झाली असेल, तर तिच्या वारस नोंदीचे काय झाले ते विचारावे आणि तलाठ्याकडे जाताना तिला एकटी पाठवू नये. तिला पांढऱ्या पायाची म्हणणारे कुणी भेटले, तर त्याला सारफथच्या विधवेची गोष्ट सांगावी. नीतिसूत्रांच्या पुस्तकात देव विधवेच्या शेताची हद्द राखतो, या अर्थाचे वचन आहे. ती हद्द राखायला तो आपल्यासारख्यांचेच हातपाय वापरतो, असे आम्ही मानतो.

तुमच्या वावराला पाऊस वेळेवर येवो, पऱ्हाटीला बोंडे धरोत, आणि तुमच्या लेकींची नावे कागदावरही राहोत. येतो आम्ही. नमस्कार.